नेमीकाकांचा एकतिसावा आठवडा

आमच्या शिरपुरात नेमीकाकांच्या दुकानातून साखर घ्यायची असेल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

"साखर देतो बाप्पा, कुठी पयून चालली ती? पन आधी सांग, त्या म्हातारीनं दार काहून उघडलं नसन?"

कोणती म्हातारी, कुठलं दार, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. मग काका रिकामी पिशवी हातात धरून अख्खी गोष्ट सांगतात. डोंगरावर एकटी राहणारी म्हातारी. बाहेर बर्फ पडतोय. दारावर थाप पडते, पुन्हा पडते, आणि म्हातारी आत जागी असूनही दार उघडत नाही. काहून?

"कानानं कमी ऐकू येत असन."

"मीटरवाला आला समजली असन."

"काका, सून आली असन तिची. मी बी नसतं उघडलं."

काका प्रत्येक उत्तर बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्यावर नावासकट लिहून घेतात आणि मगच साखर मोजतात. इथल्या जैन मंदिरात दर्शनाला आलेल्या परगावच्या लोकांचीही सुटका नाही. नारळ आणि बदाम घ्यायला आलेल्या एका बाईंना त्यांनी इतका वेळ उभं केलं की त्यांची वाशिमची बस गेली. मी तिथंच होते. बाईंच्या वतीनं भांडायला पुढे झाले, तर त्या मलाच बाजूला सारून म्हणाल्या, "भैया, आगे क्या हुआ वो तो बताओ."

मी भांडायला नेहमीच पुढे होते, हे सांगून टाकते. आम्ही चार जणं मिळून पत्रकं काढतो. रस्ता, नळ, एसटी, शाळा, जिथं चुकतंय तिथं आमचं पत्रक. नेमीकाका माझ्या मागच्या गल्लीत राहतात, आणि त्यांनी स्वतःच्या नातीला, नऊ वर्षांच्या चंदनाला, शाळेतून काढून घरी बसवलंय हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. शिकल्या-सवरल्या, खाऊन-पिऊन सुखी घरातली मुलगी घरात! तिचे आईवडील दोघंही पुण्यात कंपनीत. इथं आजोबा, किराणा दुकान आणि ती. मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं: "हे दुकान आहे की कोंडवाडा?" नाव घातलं नाही, पण शिरपुरात दुकानं किती आणि नाती किती!

काकांनी पत्रक वाचलं. भिंतीवर चिकटवलं नाही, फाडलं नाही, त्यात जिरंही बांधलं नाही. त्यांनी ते चंदनाला धडा म्हणून दिलं. दुसऱ्या दिवशी मला पुठ्ठ्यावर उत्तर आलं. प्रश्न काकांच्या अक्षरात होता: "लेखिकेचा राग कोनावर आहे?" खाली चंदनाचं उत्तर: "सगळ्यांवर. 'ज्वलंत' हा शब्द सात वेळा आला आहे. एकदा पुरला असता."

मी तशीच तणतणत दुकानात गेले.

"काका, हे काय आहे?"

"बरोबर हाय ना? मोजलं मी बी. सातच हायेत."

"मुलीला शाळेतून का काढलंत?"

"हात घालून पाह्यलं काय तू?"

हे काकांचं पालुपद. कुठलंही पोतं विकत घेताना ते कोपरापर्यंत हात घालून तळातला माल बाहेर काढतात. वरचं धान्य सगळ्यांचंच चांगलं असतं म्हणे. बातमी असो, नवरदेव असो, पुढाऱ्याचं भाषण असो, काकांचा प्रश्न एकच. मी हात घातला नव्हता. म्हणून त्यांनीच सांगितलं.

चंदना तिसरीत गेली आणि शाळा उघडल्यावर चार दिवसांत तिची सगळी पुस्तकं वाचून झाली. पुढे काय, तर बाईंनी तिला इतरांचं शुद्धलेखन तपासायला बसवलं. तेही लवकर व्हायचं. मग ती बाकाखाली धरून गोष्टीचं पुस्तक वाचायला लागली, आणि ते पुस्तक बाईंनी कपाटात ठेवलं. पोरगी घरी येऊन नुसती बिस्किटांच्या पुड्यांवरचं बारीक अक्षर वाचत बसली, मालाचे घटक, कारखान्याचा पत्ता, सगळं. "पोट्टी उपाशी व्हती," काका म्हणाले. "मी किराणावाला मानूस. घरात उपाशी कसं ठिवू?"

मग पुण्याहून तिच्या आईवडिलांनी एक पेटी धाडली. घरशाळेची पेटी. छत्तीस आठवडे, छत्तीस गोष्टींची पुस्तकं आणि एक मार्गदर्शिका. भूगोल, विज्ञान, भाषा, सगळं त्या गोष्टींतूनच शिकायचं. ठरलं असं की पेटी संपली की चंदना पुण्याला जाणार, तिकडच्या एका शाळेत, जिथं मोठी लायब्ररी आहे.

मार्गदर्शिका ज्यांनी लिहिली त्यांनी शिरपूर पाहिलेलं नाही. "मुलाला जवळ घेऊन सोफ्यावर बसा." काकांकडे सोफा नाही. त्यांनी साखरेची चार पोती रचली आणि वर सतरंजी टाकली. "बर्फात खेळायला न्या." चंदनाला बर्फगोळ्याच्या गाडीवर नेलं आणि गाडीवाल्याला सांगितलं, रंग टाकू नको, पोट्टीले आधी बर्फ पाहू दे. आगगाडीची गोष्ट आली तेव्हा वाशिमच्या स्टेशनावर दोघं डबा घेऊन गेले, दिवसभर बाकावर बसले आणि गाडीत न चढता परत आले. का, तर गोष्टीतली मुलगीही नुसती वाट पाहते. आणि मासे धरायचा गळ बनवा, असं जिथं लिहिलं होतं, तिथं त्या जैन माणसानं ओळ खोडून वर लिहिलं, "माश्यायले कनकेच्या गोया टाका." गेले दोघं तलावावर. गोळ्या मोजायच्या, किती माश्यांनी खाल्ल्या ते लिहायचं. गणित झालं.

काका स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. मुलीला द्यायच्या आधी प्रत्येक पुस्तक ते स्वतः वाचतात. "न चाखता माल विकत नाही मी." पण त्यांना बसवत नाही. पुस्तक हातात घेऊन ते गल्ल्यापासून दारापर्यंत, दारापासून गल्ल्यापर्यंत येरझाऱ्या घालतात. बोट ओळीखाली, ओठ हलताहेत, प्रत्येक अक्षर सुटं करून मग जोडायचं. गिऱ्हाईक आलं तर बोट न उचलता दुसऱ्या हातानं तेल द्यायचं. असं एक पुस्तक त्यांना आठवडाभर पुरतं. चंदनाला तेच दुपारभर पुरत नाही. म्हणून मग काका एकेका पुस्तकाला शेपट्या जोडत गेले. हीच गोठ बकरीनं सांगितली तर कशी सांगन, ते लिही. शेवटून सुरुवातीकडे वाच. यातला एक मानूस आपल्या गावात आना, कोन ते सांग. मी मोठमोठ्या सभांत शिक्षणावर भाषणं ऐकली आहेत. त्यातल्या एकाही वक्त्याला बकरी सुचली नव्हती.

पण म्हणून मी गप्प बसले नाही. मी म्हणत होते आणि आजही म्हणते, मुलीला मुलं हवीत. वादाला, खेळाला, रुसायला तिच्या वयाचं माणूस हवं. मार्गदर्शिकेतही लिहिलंय, "चार-पाच मुलांनी गोल करून बसावं, चर्चा करावी." काकांनी काय केलं? गिऱ्हाइकांनाच गोल धरलं. म्हणून ती म्हातारी, ते दार आणि ती साखर.

दर रविवारी पुण्याहून मुलाचा फोन येतो. काका फोन स्पीकरवर टाकून येरझाऱ्या घालतात.

"बाबा, कितवा आठवडा?"

"एकतीस."

"मागच्या महिन्यातही एकतीसच होता ना?"

"चर्चा चालू हाय."

त्या म्हातारीचं पुस्तक एकतिसाव्या आठवड्याचं. होळी झाली, पाडवा झाला, आठवडा एकतिसावाच. मला वाटलं, काकांना कळत नाही. मी मार्गदर्शिका ओढून घेतली आणि नियम वाचून दाखवला: गोलातल्या प्रत्येकानं उत्तर नोंदवल्यावरच पुढच्या पुस्तकाकडे वळावं.

"तेच तं करून राह्यलो," काका म्हणाले. "सगळ्यायचं उत्तर कुठं झालं?"

"गोलात आहे तरी कोण कोण?"

त्यांनी दाराबाहेर हात केला. रस्ता, बसथांबा, मंदिराकडे चाललेली माणसं. रोज नवी बस येते आणि रोज गोल वाढतो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. वाशिमहून मालाची गाडी आली. आमची गल्ली अरुंद, गाडी चौकातच थांबते. काका मला म्हणाले, "दुकानावर ध्यान ठेव वं जरा," आणि गेले. तेवढ्यात शेजारच्या मंदाकाकू आल्या.

"दोन किलो बाजरी दे वं. पाहुने येऊन राह्यले, त्यायले बाजरीचीच भाकर पाह्यजे म्हने. काय नखरे एकेकाचे!"

आमच्याकडे ज्वारी खाणारी माणसं. बाजरी संक्रांतीपुरती, एरवी ते पिंप कोणी उघडत नाही. मी उघडलं. इतके महिने काकांचं ऐकून मलाही सवय लागलेली, जुनी बाजरी असेल तर पाहुण्यांपुढे काकूंची फजिती. मी कोपरापर्यंत हात घातला.

तळाशी प्लास्टिकची पिशवी लागली. मी काकूंना वरची बाजरी मोजून दिली. त्या गेल्यावर पिशवी वर काढली. आत एक कोरं करकरीत पुस्तक. पाठीवर चिठ्ठी: आठवडा छत्तीस.

म्हणजे चर्चा वगैरे काही नाही! म्हातारा पोरीचं शेवटचं पुस्तक लपवून बसलाय! तिची शाळा, तिची लायब्ररी, सगळं या पिंपाच्या तळाशी! पत्रकाचा मथळासुद्धा मला तिथंच सुचला.

"ताई, जसं व्हतं तसंच ठेवा," मागून आवाज आला. पोत्यांच्या सोफ्यावर चंदना बसली होती. "चित्राची बाजू खाली. नाही तं आबाले समजन."

"तुला माहीत आहे हे इथं आहे?"

"तीनदा वाचलं मी. आबा जेवायले जातेत तवा काढते."

"अगं मग सांगत का नाहीस? हे संपलं की तू पुण्याला जाणार!"

"मालूम हाय." तिनं पाय हलवले. "मले जायचं बी हाय. तिथं लय पुस्तकं हायेत म्हने. पन आबा आत्ताशीक एकतीसवर आले. त्यायले भराभर वाचता येत नाही ना. मी गेली तं ते पुढचे पुस्तकं कोनासाठी वाचतीन?"

मग तिनं बिस्किटाच्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे धरला. म्हातारीनं दार का उघडलं नाही याची सगळ्या गावाची उत्तरं. मंदाकाकूंचं, एसटीच्या कंडक्टरचं, बस चुकलेल्या बाईंचं, माझंसुद्धा. सगळ्यात वरच्या पुठ्ठ्यावर पहिलंच नाव होतं, नेमीनाथ, आणि त्यापुढची जागा कोरी.

"आबाचंच राह्यलं," ती म्हणाली. "ते लिहीत नाहीत."

मी पुस्तक पिशवीत घातलं. चित्राची बाजू खाली. कोपरापर्यंत हात घालून तळाशी ठेवलं आणि वर बाजरी सारखी केली.

काका घामाघूम होऊन आले. पोती उतरवून घेतली आणि न बसता लगेच दारापर्यंत एक फेरी मारली.

"कोनी आलं व्हतं?"

"मंदाकाकू. दोन किलो बाजरी नेली."

काका थांबले. त्या माणसाला असं एका जागी उभं राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बाजरी," ते म्हणाले. "हात घालून पाह्यलं काय तू?"

मी आयुष्यात कुणाला भिऊन खोटं बोललेले नाही. तहसीलदारापुढे नाही, पोलिसापुढे नाही. जूनमध्ये चंदनानं पुण्याला गेलंच पाहिजे, आणि हे मी काकांना तोंडावर सांगणार आहे. पण त्या दुपारी नाही.

"वरवरच पाहिलं, काका."

काकांनी मान हलवली. पिंपावरचं झाकण उगाच एकदा दाबून पाहिलं आणि पुन्हा चालायला लागले.

आणि पोत्यांच्या सोफ्यावरून वाचण्याचा आवाज सुरू झाला. जी मुलगी एका नजरेत पान संपवते ती ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं, गल्ल्यापर्यंत ऐकू जाईल असं वाचत होती. "म्हा, ता, री... म्हातारी... उ, ठ, ली..."

"घाई नको करू, पोरी," काका म्हणाले.