एकोणिसाच्या पाढ्यावर रापण

दत्ताराम रापणकाराच्या घरी त्या संध्याकाळी भात करपला. घरात माणसं नव्हती असं नाही. होती, पण सगळी हिराभोवती बसून बाराच्या पाढ्याला कान देत होती.

हिरा दत्तारामाची थोरली, बोर्डाच्या शाळेत दुसरीला. अख्ख्या वाडीत शाळेत जाणारी ही एकटीच मुलगी. मास्तरांचा हुकूम मोठा कडक. पाढे घरी म्हणायचे आणि घरातल्या मोठ्या माणसानं ते तपासून घ्यायचे. आता ह्या घरात मोठी माणसं मोप, पण तपासणार काय? दत्तारामानं आपली एक रीत काढली होती. पोर न थांबता म्हणाली की बरोबर, अडखळली की चूक.

ह्या तपासणीतून सुटलेला बाराचा पाढा घेऊन हिरा दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि लाल हात घेऊन परत आली. वर मास्तरांचा निरोप होता, "तुझे वडील ऐकतात तरी काय? समुद्राची गाज?"

दत्तारामाच्या आईला, आवडाबाईला, एवढंच निमित्त हवं होतं. ती बाजारात मासे विकायची आणि घरातही बाजारातल्याच आवाजात बोलायची.

"तरी मी सांगत होते! टोपली द्या तिच्या डोक्यावर, शिकेल माझ्या मागनं चार गिऱ्हाइकं सांभाळायला. डिपुटी येतोय ना परीक्षेला? त्यानं नापास केली, की शाळेच्या दारातनं तशीच बाजारात नेणार मी तिला."

"आणि पास झाली तर, आये?"

"तर चौथीपर्यंत मी तोंड उघडणार नाय."

आवडाबाई तोंड बंद ठेवायला कबूल झाली, हे ऐकून शेजारीपाजारीसुद्धा दारात येऊन उभे राहिले. दत्ताराम स्वतः अंगठेबहाद्दर. पण एकदा बंदरात लागलेल्या पडावावरचं नाव हिरानं घडाघडा वाचून दाखवलं होतं, आणि त्या दिवसापासून तो जरा छाती काढूनच चालत होता. ती छाती आत घ्यायची त्याची अजिबात तयारी नव्हती.

त्यानं विचार केला, घरात कान मोजके, किनाऱ्यावर ढीगभर. कुणाला तरी पाढे येत असतीलच. दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढायला जाताना त्यानं हिराला संगती घेतलं.

होडीनं पाण्यात गोल जाळं टाकलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आले, माणसं दोन रांगांनी दोराला लागली. दत्तारामानं हिरालाही दोराचा शेपटा धरायला दिला. "हं, म्हण गो. आणि धोंडू, तू मुंबईस गोदीत होतास. चुकली तर सांग."

"माझं दहापर्यंत पक्कं हाय," धोंडू म्हणाला. "पुढचं तुम्ही देवावर सोडा."

हिरानं सूर लावला, "बारा एके बारा!" आणि काय झालं कोण जाणे, सगळ्यांनी त्याच ठेक्यावर दोर खेचला. "बारा दुणे चोवीस!" पुन्हा खेचला. बापजाद्यांपासूनची "हैस्सा" कुठल्या कुठं राहिली. मागनं सगळी रांग गरजायला लागली आणि जाळं असं सरसरत आलं, की होडीवाला पाण्यातनं ओरडला, "कोण मेलंय का रे तिकडं?"

धोंडूनं दहाच्या पुढचं देवावर सोडलं होतं, म्हणून हिरा शाळेतनं येताना रोज पाढा मास्तरांकडून घासूनपुसून आणायला लागली आणि सकाळी दोरावर म्हणायला लागली. तेराच्या दिवशी जाळ्यात नुसते केंड आले, फुगून टुम्म झालेले, कुत्रं खाणार नाही असे. चौदा-पंधराला बरी मासळी लागली. आणि सोळाच्या दिवशी बांगडा! जाळं फाटेल एवढा बांगडा!

झालं. दुसऱ्या दिवशी हिरानं "सतरा एके" म्हणायला तोंड उघडलं आणि दोन्ही रांगांनी दोर सोडले.

"सतरा नको! सोळाचाच म्हण."

"पण तो झाला," हिरा म्हणाली. "मास्तरांनी पुढचा दिलाय."

"मास्तर मासे खातो काय? सोळा म्हण गो बाय, शानी ना तू?"

रोज सोळा. भरती असो, ओहोटी असो, सोळा. शाळेत सतराचा विचारला तरी हिराच्या तोंडातनं सोळाचाच यायचा. शेवटी एका सकाळी मास्तर धोतराचा सोगा हातात धरून, वाळूत वहाणा रुतवत किनाऱ्यावर आले.

"दत्ताराम, मुलगी सोळावर का अडली आहे?"

"मास्तर, सोळावर बांगडा लागतो."

मास्तरांनी आधी दत्तारामाकडं बघितलं, मग समुद्राकडं. "अरे, परीक्षा तोंडावर आलीय! आणि डिपुटीसाहेब सगळ्यांना एकोणिसाचा विचारतात, त्यांची खोडच आहे ती."

एकोणीस म्हटल्यावर दोन्ही रांगांत कुरकुर झाली. धोंडू म्हणाला, "तेरानं केंड दिले. एकोणीस तर त्याहून दांडगा."

दत्ताराम दोराच्या पुढं जाऊन उभा राहिला. एरवी तो माणसांना शिव्या घालून कामाला लावायचा. त्या दिवशी मऊ बोलला. "गड्यांनो, आपल्या वाडीतलं एक तरी पोर डिपुटीसमोर उभं राहून बोलूदे. परीक्षेपर्यंत एकोणीस ओढू. मासळी नाय आली तर माझा वाटा तुम्ही घ्या."

"वाटा ठेव तुझ्याकडं," धोंडू गुरगुरला. "पोरगी काय तुझी एकट्याचीच हाय? धरा रे दोर!"

पहिल्याच दिवशी, मास्तर अजून किनाऱ्यावर असतानाच, हिरा मध्येच अडली. "एकोणीस साते..." आणि पुढं काही येईना. रांगा दोर ताणून उभ्या. ओढावं तर पाढा नाही, सोडावं तर जाळं जातंय. लाटा आत खेचताहेत, माणसं टाचा रोवून लालबुंद. "मास्तर, साते किती? लवकर सांगा, हात तुटले!"

"एकशे तेहतीस!" मास्तर ओरडले. रांगेनं असा हिसका दिला की मास्तरांनाही राहवेना. वहाणा फेकून त्यांनी दोर धरला आणि पुढचे सगळे आकडे स्वतः ओढत सांगितले. जाळ्यात काय आलं? केंडच. मास्तरांनी त्यातला एक उचलून बघितला आणि हळूच परत ठेवला.

पण परीक्षेपर्यंत एकोणीस पक्का झाला. हिराचा झाला, रांगेचा झाला, होडीवाल्याचासुद्धा झाला.

परीक्षेच्या दिवशी वाडीतलं कुणी समुद्रावर गेलं नाही. शाळेच्या खिडक्यांत डोकीच डोकी. दारात आवडाबाई रिकामी टोपली घेऊन तयारीनं बसलेली. आत डिपुटीसाहेब टेबलामागं, पुढ्यात दौत आणि त्यांची टोपी.

"हिरा दत्ताराम. एकोणिसाचा म्हण."

हिरा उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आवाज नाही. खिडकीत दत्तारामानं गज घट्ट धरले. ही काल घडाघडा म्हणत होती, आज झालं काय? मग त्याचं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. मुठी उघडत होत्या, मिटत होत्या. काहीतरी शोधत होत्या.

ते धोंडूलाही दिसलं. त्याला धीर कुठला? तो खिडकीतनं ओरडला, "धर गो हिरे, धर कायतरी!"

समोर टेबलच होतं. हिरानं त्याची कड धरली, टाचा रोवल्या आणि आवाज फुटला, "एकोणीस एके एकोणीस!" टेबल हातभर पुढं आलं.

"अहो, दौत!" म्हणत डिपुटीसाहेबांनी पलीकडची कड पकडली.

"एकोणीस दुणे अडतीस!" आता टेबलाबरोबर साहेबही आले. खिडक्यांतनं सगळी वाडी गरजली, "अडतीस!" साहेब मागं खेचताहेत, हिरा पुढं खेचतेय. त्रिक सत्तावन्न, चोक शहात्तर, पोरं बाकांवरनं बाजूला उड्या मारताहेत, टोपी घरंगळली, दौत साहेबांनी छातीशी धरली, आणि सातेला हिरा अडली नाही, उलट तिथं सगळ्यात मोठा हिसका दिला. "एकोणीस दाहे एकशे नव्वद!" झालं तेव्हा टेबल उंबऱ्याला लागलं होतं आणि डिपुटीसाहेब आवडाबाईच्या टोपलीसमोर उभे होते.

साहेबांनी श्वास घेतला. "मास्तर, पाठांतराची ही कुठली पद्धत?"

मास्तर म्हणाले, "इथलीच आहे, साहेब."

साहेबांनी हिराकडं बघितलं. ती अजून कड धरून उभी होती, सोडू की नको अशी. साहेबांच्या मिशा हलायला लागल्या, मग खांदे, आणि मग ते मोठ्यानं हसले. "पास. एक आकडा चुकली नाही. पुढच्या वर्षी मात्र टेबल जमिनीला ठोकून ठेवा."

दत्तारामाला खिडकीतनं बाहेर यायला धोंडूनं मदत केली, कारण फुगलेली छाती गजात अडकली होती. निदान धोंडू तरी सगळ्यांना तसंच सांगत सुटला. आवडाबाई काहीएक न बोलता टोपली उचलून एकटीच बाजारात निघून गेली. तिनं शब्द पाळला म्हणून दत्तारामाला भरून आलं.

संध्याकाळी तो बाजारात गेला तर आवडाबाईभोवती ही गर्दी! टोपली रिकामीच होती, पण मासे कुणी मागतच नव्हतं. आवडाबाई हातवारे करून सांगत होती, "माझ्या नातीनं डिपुटी ओढला! भरल्या शाळेत, त्या टोकापासनं दारापर्यंत!"

दत्ताराम शरमून पुढं झाला. "आये, तोंड उघडणार नव्हतीस ना? आणि डिपुटी नाय गो, तिनं टेबल ओढलं."

आवडाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू शाळेत त्यालाच घालायला हवं होतं.

"आणि टेबलाला धरून कोण आला रे, मेल्या?"