वचनं वाळत घालणारे साळवे सर

दर रविवारी उपासना संपली, की शास्त्राभ्यासाच्या वर्गासाठी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये साळवे सर कपडे वाळत घालायची दोरी बांधतात. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं दाराच्या कडीला. मग पिशवीतून लाकडी चिमटे आणि पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे निघतात, आणि सर पवित्र शास्त्रातली वचनं एकेक करून दोरीवर टांगतात. स्पष्ट वचनं खिडकीकडे, उजेडात. कोड्यात टाकणारी दाराकडे. चहाचा ट्रे आणणाऱ्याला वाकूनच यावं लागतं. आमचे पाळकसाहेब उंच. एकदा त्यांचा चष्मा दाराकडच्या पुठ्ठ्यात अडकून दोरीला लटकला.

"पाहा," सर वर्गाला म्हणाले, "कठीण वचनाखालून मान लववूनच जा लागते."

साळवे सर हे सिंदी (रेल्वे)च्या शाळेतले निवृत्त विज्ञान शिक्षक. नववीत मी त्यांच्या हाताखाली शिकले. आता ते वर्ध्यात आमच्या छोट्या मंडळीचे वडील आहेत. वडील हे आमच्याकडे पद असतं, नातं नव्हे. मी सावंगीला एका दवाखान्याचं भांडार सांभाळते आणि मंडळीची सेक्रेटरी आहे. मला कामाची यादी लागते आणि यादीतलं काम संपलेलं लागतं. सरांना काम सुरू झालेलं पुरतं.

आमची मंडळी प्रॉटेस्टंटांच्या सुधारित परंपरेतली. शास्त्राचा अर्थ शास्त्रानंच लावायचा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सरांनी त्या शिकवणीला प्रयोगशाळेचा कोट घातला.

"पद्धतशीर ईश्वरविज्ञान म्हणतेत त्याले," ते सांगतात. "मंग पद्धत नको? एका विषयावरची झाडून सारी वचनं गोळा करा, वर्गवारी करा, अन् मंगच तोंड उघडा."

पाळकसाहेब एकाच वचनावर उपदेश करून उतरले, की सर दारात त्यांचा हात हातात घेऊन म्हणतात, "छान झाला. नमुना अपुरा होता."

पाळकसाहेबांनी एकदा परतफेड करायचं ठरवलं. वर्गात मागे बसून त्यांनी विचारलं, "सर, शास्त्रात मोहरीला सगळ्यात लहान बी म्हटलंय. खसखस तर त्याहून लहान. आता तुमचं विज्ञान काय म्हणतं?"

पुढच्या रविवारी सर दोन वाट्या आणि भिंग घेऊनच आले. सगळ्यांना पाहायला लावलं. खसखस खरंच लहान होती.

"मग शास्त्र चुकलं?" पाळकसाहेब.

"अवो पास्टर, दाखला शेतकऱ्याले सांगितला, कृषी विद्यापीठाले नाई. तो माणूस जे पेरत होता, त्यातलं लहान. सूर्य उगवला असं भूगोलाचा मास्तर बी म्हणते, तर त्याची नोकरी काढता का?"

वर्ग हसला. पाळकसाहेबही हसले, पण सोडलं नाही. "म्हणजे बेडकासारखं देवालाही टेबलावर घ्यायचं?"

"तिथंच फरक हाय. बेडूक चिरताना बेडूक बोलत नाई. इथं ज्याचा अभ्यास करून राह्यलो तोच बोलते, अन् आपल्यालेच चिरते."

सरांचा एक विषय साधारण तीन-चार रविवारांत आटोपतो. पण नाताळानंतर त्यांनी जो घेतला, तो संपेचना. विषय होता, स्वर्गात माणसं एकमेकांना ओळखतील का? दोरी भरली. सरांनी दुसरी बांधली. निष्कर्ष विचारला, की म्हणायचे, "वचनं येऊनच राह्यली." लोक गळू लागले. शेवटी समितीनं ठरवलं, की ईस्टरपर्यंत निष्कर्ष आला नाही तर वर्ग बंद आणि हॉल गाण्याच्या सरावाला. हा निरोप पोचवायचं काम अर्थातच सेक्रेटरीकडे आलं. आठवड्यातून सर घराबाहेर पडायचे ते रविवारची उपासना आणि त्या वर्गापुरते. त्यांची बायको, ताराकाकू, हल्ली विसरतात, उपासनेला येत नाहीत, इतकं मंडळीला माहीत होतं.

मी दुपारी गेले. काकू ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही, पण जवळ बसवलं. सर चहा ठेवून आत गेले तशा त्या माझ्या कानाशी आल्या.

"बाई, हे मास्तर कोणाकडले हायेत वो? लई चांगले हायेत. सैपाक करते, केस विंचरून देते. पण आता याइले घरी जाऊ द्या. याइची बायको वाट पाहत असन."

माझा चहा हातात तसाच राहिला. बाहेर येऊन सरांनी तो पाहिला आणि त्यांना समजलं.

"रोज म्हणते," ते म्हणाले. "मी म्हणतो, पाहत असन."

निरोप तर द्यायचाच होता. मी एका दमात देऊन टाकला. सर रागावले नाहीत.

"निष्कर्ष कधीचा तयार हाय, पोरी. खिडकीकडले पुठ्ठे पुरतेत. ओळखतीन."

"मग सांगत का नाही?"

"दाराकडला एक अडून बसला. प्रभूच्या रिकाम्या कबरीपाशी मरीया रडून राह्यली. ज्याच्यासाठी रडते तोच जिवंत होऊन समोर उभा, अन् तिले तो माळी वाटला. जीव लावलेलं माणूस समोर असून ओळखू नये?"

"पण शेवटी ओळखलं ना? कशानं?"

"त्यानं तिचं नाव घेतलं. तेवढंच." सर काकूंकडे पाहत राहिले. "मी हिले कधी नावानं हाक मारली नाई. लग्न झालं तवा घरात मोठी माणसं. 'आयकलं का' म्हणायचो. मंग तेच पडलं तोंडात."

"मग आता मारा."

"अन् नाई वळली तर? त्या दोरीसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?"

अडलेलं काम मला पाहवत नाही, हा माझा स्वभाव. "सर, ते रविवारचं रविवारी पाहू. आत्ता घरच्या माणसाला हाक मारायची आहे, एवढंच."

सर उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. हजेरी घ्यायला उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले, पण आवाज निम्माच निघाला.

"तारा."

घाटे सोलणं चालूच होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. 'पुन्हा,' असं मी मानेनंच खुणावलं.

"तारा!"

काकूंचे हात थांबले. त्यांनी घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला, आतल्या खोलीकडे पाहिलं आणि सरांवर दबक्या आवाजात तडकल्या, "काऊन वरडून राह्यले नाव घेऊन? मामाजी आयकतीन ना!"

मामाजी म्हणजे काकूंचे सासरे, सरांचे वडील. मी शाळेत होते तेव्हाच ते वारले.

सर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"चुकलं," ते कुजबुजले. "आता हळू म्हणतो."