प्राचीचा शॉवर आणि माहेरचं पिंप

सकाळी सहा वाजून सतरा मिनिटांनी प्राचीच्या डोक्यात बाथरूम शिरलं.

लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर सहा ते सात एवढंच पाणी येतं. प्राची मोरीतल्या निळ्या पिंपात नळी सोडून उभी होती. सहज मागे बघितलं, तर चार वर्षांची ओवी अंथरुणात नाही. काळजाचं पाणी झालं (वेळ न बघता येणारं त्या घरातलं तेवढं एकच पाणी). गॅलरीचा कठडा, जिना, खालचा रस्ता, सगळं डोळ्यांपुढून गेलं. इतक्यात शेजारच्या मेघनाच्या खोलीतून पोरीचं खिदळणं ऐकू आलं.

मेघनाने गेल्या महिन्यात मोरी फोडून बाथरूम केलं होतं. गुलाबी टाइल्स, कोपऱ्यात बेसिन, डोक्यावर शॉवर. प्राचीने दारातूनच बघितलं, ओवी त्याखाली नाचत होती.

"मम्मी, मावशीकडे दुपारी पण पाणी पडतं," ती म्हणाली. "आपल्याकडे नुसता तांब्या."

तो तांब्या प्राचीच्या जिव्हारी लागला. त्या दिवसापासून ओवी आंघोळीला मेघनाकडे, मग वेणीला मेघनाकडे, मग दूध-बिस्किटंही तिकडेच. मेघना स्वभावाने चांगली होती, हेच तर सहन होत नव्हतं. वाईट असती तर एकदा भांडून मोकळं होता आलं असतं. प्राचीला धास्ती वाटायला लागली, की उद्या शाळेत आईचं नाव विचारलं तर पोरगी कुणाचं सांगेल?

नवरा दीपक मसाला कुटायच्या डंकनवर कामाला. पण गणपतीत त्याने मंडळाच्या सजावटीत कारंजं जोडलं होतं (उडायचं होतं वर, उडालं आडवं, पण उडालं), तेव्हापासून तो स्वतःला प्लंबर समजत होता. प्राचीने आपल्याही मोरीचं बाथरूम करायचं ठरवलं, तेव्हा मेघनाकडे पाइप कसा फिरवलाय ते एकदा बघून येतो, असं तो म्हणाला. प्राची दारात आडवी उभी राहिली.

"तिला काहीएक विचारायचं नाही. मग आमचं बघून केलं म्हणून मिरवेल."

टाइल्स मात्र तिने गुलाबीच घेतल्या. मेघनाच्यापेक्षा जरा जास्त गुलाबी.

बेसिन बसवायची वेळ आली तेव्हा मधे आलं पिंप. प्राचीच्या माहेराहून आलेलं, पोटावर ऑइलपेंटने 'प्राची' लिहिलेलं. ते काढल्याशिवाय बेसिनला जागा नव्हती.

"पिंप काढू नको गो," सासूबाई सुभद्राबाई म्हणाल्या. "पाणी ठेवतलंस खंय?"

प्राचीचं उत्तर तयार होतं. मेघनाकडे दुपारीही पाणी पडतं, म्हणजे ती करामत शॉवरचीच असणार. (सहा वर्षं पहाटे उठून पाणी भरणाऱ्या बाईला असं वाटावं, याला कारण मत्सर. तो अक्कल आधी खातो.) तिने पिंप ढकलत नेलं ते थेट मेघनाच्या दारात, गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

"तूच ठेव गं. आम्हाला आता नाही लागणार."

मेघनाने ते आनंदाने आत घेतलं. पिंप मिळून कुणाला इतका आनंद होतो, याचा संशय यायला हवा होता. आला नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला दीपकने शॉवर लावून बघितला. झकास चालला. सासूबाईंनी कॅलेंडर बघून मुहूर्त काढला गुरुवारचा, दुपारी चार चाळीस. प्राचीने गॅलरीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं, मेघनाला तर दोनदा. नव्या कॉकला हळदकुंकू लागलं. दीपकने उंबऱ्यावर नारळ फोडला. ओवी डोक्याला शाम्पूचा फेस करून शॉवरखाली उभी राहिली आणि प्राचीने मेघनाकडे बघत बघत कॉक फिरवला.

शॉवर खोकला. दोन थेंब पडले. पुन्हा खोकला आणि कायमचा गप्प झाला.

फेस ओवीच्या डोळ्यांत गेला. तिने भोंगा पसरला. प्राची घरभर पाणी शोधत धावली. पिंप नव्हतं, बादली कोरडी होती, नारळाचं पाणी उंबऱ्यावर वाहून गेलं होतं आणि प्यायच्या हंड्यापुढे सासूबाई मांडी ठोकून बसल्या होत्या. तेवढ्यात ओवी सगळ्या बायकांमधून फेसासकट धावली. कुठे, ते सांगायला नको.

प्राची तिच्या मागे मेघनाच्या बाथरूममध्ये पहिल्यांदाच शिरली. शॉवर धो धो चालू होता. तिने मान वर केली. पोटमाळ्यावर दोन पिंपं, दोन्हींना खाली पाइप जोडलेला. त्यातल्या एकाच्या पोटावर लिहिलं होतं, 'प्राची'.

"सकाळी मोटर लावून वर भरून ठेवते," मेघना ओवीचं डोकं पुसत म्हणाली. "आधी एकच होतं, दुपारनंतर संपायचं. तुझं आल्यापासून रात्रीपर्यंत पुरतं बघ. विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का गं?"

सगळ्या गॅलरीसमोर दिलेलं पिंप परत कोणत्या तोंडाने मागणार? आता ओवी मेघनाकडे जाते, तिच्या मागोमाग दीपक जातो, सासूबाई जातात, आणि शेवटी टॉवेल पदराखाली लपवून प्राचीही जाते.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाकडे जुनं पिंप पडून असेल, तर प्राचीसाठी जरा सांगून ठेवा. रंग कुठलाही चालेल. फक्त हे मेघनाच्या कानावर जाऊ देऊ नका. ती धावपळ करून दोन दिवसांत मिळवून देईल, आणि तिचे तेवढे उपकार ठेवायला, बेसिन लावल्यापासून, प्राचीच्या घरात जागा उरलेली नाही.