प्रदर्शनासाठी चंद्र

फोटोवाल्यांनी तीस वर्षं लोकांना एकच वाक्य ऐकवलं होतं, "हलू नका." ओळखपत्राचे फोटो काढायचे हा त्यांचा धंदा. मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसलेले, दात झाकलेले. असे हजारो चेहरे काढून झाल्यावर त्यांना चंद्राचा फोटो काढायची हुक्की आली, आणि ती त्यांनी वाचनालयात चार लोकांसमोर बोलून दाखवली. तिथेच घोळ झाला.

विज्ञान मंडळाच्या अध्यक्षबाई, निवृत्त प्राध्यापिका, समोरच वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आकाशाच्या फोटोंचं प्रदर्शन आहे रविवारी. पण ते अभ्यासाचं काम आहे हो. दोन कान दिसले की झालं, असं नसतं त्यात."

सगळे हसले. फोटोवाल्यांना ते फार लागलं. "रविवारी माझा चंद्र भिंतीवर असेल," असं ते बोलून बसले आणि मग घरी येईपर्यंत स्वतःलाच शिव्या देत राहिले.

दुर्बीण त्यांनी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडून मागून आणली. कॅमेरा दुकानातलाच, खिशात मावणारा. शुक्रवारी दिवेलागणीला ते गच्चीवर चढले तेव्हा अर्धा चंद्र ऐन डोक्यावर होता. दुर्बिणीला डोळा लावायचा तिथे त्यांनी कॅमेरा लावला आणि बटण दाबलं. फ्लॅश उडाला. आला तो पांढरा उजेड. फ्लॅश बंद केला, तर चंद्र इतका भगभगीत आला की पिठाचा गोळाच वाटावा. उजेड कमी करून पाहिला, तर हात हलला. हात आवळून धरला, तर श्वासाने कॅमेरा हलला. शेवटी त्यांनी कॅमेरा दुर्बिणीला चिकटपट्टीने गुंडाळला आणि दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय लावली. तेवढ्या दहा सेकंदांत चंद्र सरकला आणि त्याची कड कापली गेली.

"हलू नका म्हटलं ना," फोटोवाले सवयीने म्हणाले.

पण आयुष्यभर चुळबुळ करणारी गिऱ्हाईकं सांभाळलेला माणूस तो. चंद्र सरकतो किती हे त्यांनी पाहून घेतलं आणि पुढच्या खेपेला तो येईल तिथे आधीच जागा सोडून ठेवली. पंचविसावा फोटो असा आला की त्यांना स्वतःचाच विश्वास बसेना. प्रत्येक विवर वेगळं, प्रत्येकाच्या पोटात काळी सावली. त्या आनंदात त्यांनी फोटो दुकानातल्या संगणकावर, रोजच्या कामांच्या यादीत टाकला आणि शनिवारी सकाळी दुर्बीण परत द्यायला गेले.

दुकानात फोटोंची सफाई बायकोकडे. मुरूम, चट्टे, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं ती संगणकावर पुसून काढी. तिच्या नजरेतून सुटेल असा मुरूम अजून जन्माला यायचा होता.

फोटोवाले परतले तेव्हा मोठा छापलेला चंद्र टेबलावर होता. गुळगुळीत. विवर तर सोडाच, साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"केवढे खड्डे होते हो बिचाऱ्याला," बायको म्हणाली. "सकाळपासून बसलेय. चार लोकांत जायचाय, तो असा कसा पाठवायचा?"

मूळ फोटोवरच काम केलं होतं. कॅमेऱ्यातले फोटोही पुसले होते. छापून झालं की कॅमेरा रिकामा करायचा, हा नियम खुद्द फोटोवाल्यांचाच. त्यांना भयंकर राग आला. मग बायकोचे बघून बघून लाल झालेले डोळे दिसले आणि तो राग कुठल्या कुठे गेला.

"छान झालाय," ते म्हणाले.

पुन्हा काढावा म्हटलं, तर संध्याकाळी आभाळ भरून आलं. चंद्राचं नखही दिसेना.

रविवारी अध्यक्षबाई त्या फोटोसमोर बराच वेळ थांबल्या. चष्मा पुसून पुन्हा लावला. "यावरची विवरं कुठे गेली?"

"मिसेसनी काढली," फोटोवाले म्हणाले.

अख्खा हॉल हसला. बाईंनी फोटो भिंतीवरून उतरवायला लावला आणि विवरांशिवाय चंद्राला शास्त्रात काडीची किंमत नाही, असं सर्वांदेखत सुनावलं. फोटोवाले मान खाली घालून घरी आले. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं की तिथे जागा कमी पडली. मेहनत वाया जायला नको म्हणून तिने तो फोटो दुकानाच्या काचेत लावला.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी दारात सहा जण उभे होते. हॉलमधला किस्सा गावभर झाला होता, आणि जी बाई चंद्राचे डाग काढते तिला आपल्या गालावरचे काय जड, असा प्रत्येकाने हिशेब केला होता. बायकोला पाणी प्यायला फुरसत मिळेना. गुरुवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, अध्यक्षबाई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकून आत शिरल्या. मंडळाच्या अहवालावर त्यांचा फोटो छापायचा होता.

फोटोवाल्यांनी त्यांना पडद्यासमोर बसवलं, कान मोकळे करायला सांगितले आणि अदबीने विचारलं, "मॅडम, शास्त्राच्या दृष्टीने काही ठेवायचं का?"

बाईंनी आतल्या संगणकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"चंद्राला केलं तसंच करायला सांगा त्यांना. एकही ठेवू नका."