कॅप्टन तेजराम आणि दारातला म्हातारा

गाडी उशिराच येणार, असं तेजराम रहांगडालेनं स्वतःच ठरवून टाकलं आणि स्कूटरची किल्ली हातात असतानाच तो पुन्हा टीव्हीसमोर बसला. एवढं एक बोलणं उरकायचं आणि निघायचं. (बोलणं म्हणजे अंतराळातलं. तिकडची माणसं फार पाल्हाळ लावतात.)

त्या दिवशी त्याच्या बायकोचा, वंदनाचा, मोठा भाऊ देवाजी तिरोड्याहून येणार होता, आणि बऱ्याच वर्षांनी येणार होता. त्याच्या नव्या घराच्या वास्तूला पंगत बसलेली असताना तेजरामनं सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं होतं की जिना वाकडा झालाय. जिना वाकडाच होता, पण हातात बुंदीचा लाडू असताना ते सांगायची गरज नव्हती. देवाजीनं तिथंच जाहीर केलं की यापुढे जवाईबापूंच्या उंबऱ्याला आपला पाय लागायचा नाही. आता त्याच्या मुलीचं, भूमिकाचं, लग्न ठरलं होतं. पहिली पत्रिका बहिणीच्या हातात स्वतः द्यायची म्हणून त्यानं तो हट्ट सोडला होता. वंदना सकाळपासून स्वयंपाकघरात होती. नवऱ्यावर तिनं एकच काम सोपवलं होतं. दुर्ग स्टेशनवर जायचं, दादाला स्कूटरवर बसवायचं आणि हुडको कॉलनीतल्या घरापर्यंत आणायचं. वाटेत कोणाच्याही बांधकामाविषयी बोलायचं नाही.

तेजराम हे काम विसरला होता असं नाही. सकाळपासून त्यानं स्कूटर दोनदा पुसली होती. पण अस्वस्थपणा तसा त्याला रोजचाच होता.

रिटायर झाल्यापासून तो एका जागी टिकत नव्हता. उभी नोकरी त्यानं स्टील प्लांटमध्ये क्रेनच्या केबिनमध्ये बसून काढली. खालचा माणूस हात वर करी, तेजराम उचली. हात खाली करी, तेजराम ठेवी. त्याचं मत कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी त्या आवाजात ऐकू आलं नसतं. घरी बसल्यावर तो गच्चीवर जाई, खाली येई, फाटकाची कडी तपासे, नळ घट्ट करी. एक नळ त्यानं इतका घट्ट केला की तो हातातच आला. त्यानंतर वंदनानं पुण्याला मुलाला, कमलेशला, फोन केला. दिवाळीत तो आला तेव्हा आपलं गेमचं मशीन घेऊन आला. बाबा एका जागी बसतील, एवढाच त्यामागचा हेतू.

बाबा बसले. गेममध्ये तेजराम एका जुनाट अंतराळयानाचा कॅप्टन होता. गोळीबार होता, पण थोडा. बाकी सगळी माणसं होती आणि त्यांच्या कहाण्या होत्या. एक डॉक्टरीण होती, जिचं गाव कुठल्याशा ग्रहासकट नाहीसं झालं होतं. चार हातांचा एक मेकॅनिक होता. तो घरी पैसे पाठवायचा, पण घरच्यांशी बोलायचा नाही. ही सगळी तेजरामकडे येत आणि विचारत, कॅप्टन, काय करायचं? मग पडद्यावर तीन उत्तरं उमटत आणि तेजरामनं त्यातलं एक निवडेपर्यंत अख्खं यान त्याच्या तोंडाकडे बघत उभं राही. वर, त्यानं दिलेलं उत्तर ते लक्षात ठेवत. डॉक्टरीणबाईला एकदा घाईत काहीतरी तुटक बोलला, तर ती पुढं दोन ग्रह त्याच्याशी धड बोलली नाही. तेजरामला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

थोडक्यात, अस्वस्थपणा गेला नव्हता, फक्त वर गेला होता. आता तो गच्चीवर फेऱ्या मारी ते मेकॅनिकच्या काळजीनं.

"तू असती त काय केलं असतं?" वंदना पोळी वाढायला आली की तो तिला विचारी.

"मी असती त आधी त्या जहाजात झाडू मारला असता," वंदना म्हणे.

तर त्या सकाळी प्रसंग असा होता की यानाच्या बाहेरच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला होता. पूर्वी तो ह्याच यानाचा कॅप्टन होता आणि माणसांना संकटात टाकून पळाला होता. आता त्याच्याजवळची हवा संपत आली होती आणि तो आत घ्या म्हणत होता. आत घ्यावं, तर जुना वैरी. बाहेर ठेवावं, तर पाप. तेजरामनं कमलेशला फोन लावला.

"बाबा, मी बसमध्ये आहो," कमलेश म्हणाला. "ऑफिसात पोचलो का करतो फोन."

तेजराम रिमोट मांडीवर ठेवून पाय हलवत बसला. म्हातारा काच ठोकत होता. फोन वाजला. तेजरामनं पडद्यावरची नजर न काढता तो कानाला लावला.

"पोचलो," पलीकडून आवाज आला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कमलेशचा आवाज थेट त्याच्या मामावर गेला होता. आणि देवाजीनं इतक्या वर्षांत जवाईबापूंशी बोलणंच ठेवलं नव्हतं, त्यामुळं हाक नेमकी काय मारावी हे न सुचून तो नुसतं 'पोचलो' म्हणाला होता.

"पोचला? बरं झालं," तेजराम म्हणाला. "मी तुह्याच फोनची वाट पाहून राहिलो होतो. आता सांग, काय करू त्याचं?"

"कोनाचं?"

"त्या म्हाताऱ्याचं. येऊन उभा हाय ना. आत घेऊ का बाहेरच ठेवू?"

मग आवाज आला, "तुमचं काय मत हाय?"

"मले त भरोसा नाई. इतकी वर्सं तोंड दाखवलं नाई, अन् आता गरज पडली त आला. जुना राग मनात ठेवून आला असन त?"

"अन् बाहेरच ठेवला त?"

"त मरते तिथंच. पन आपले लोक त वाचतात."

"घरात माईत हाय हे?"

"तिले विचारलं मी सकाळी. म्हने, घ्याचं त घ्या, नाई त नका घेऊ, मले माह्यं काम करू द्या."

फोन कट झाला. नेटवर्क गेलं असेल, असं समजून तेजरामनं तो बाजूला ठेवला. तेवढ्यात पुन्हा वाजला.

"हां बाबा, पोचलो ऑफिसात. काय झालं होतं?"

"आताच त सांगितलं तुले सगळं."

"मले? मी त आता लिफ्टमधून निघालो."

तेजरामनं फोन कानापासून दूर धरून आधीच्या कॉलचं नाव वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा ते देवाजीभाऊ असंच होतं.

स्वयंपाकघरात वंदनाचा फोन वाजत होता. वाजायचा थांबला. तिनं तो घेतला होता आणि ती नुसती ऐकत होती. मग हातात झारा घेऊन ती दारात आली. ती ओरडली असती तर तेजरामला बरं वाटलं असतं.

"दादा वापस जाऊन राहिला," ती हळू म्हणाली. "पत्रिका पोस्टानं पाठवतो म्हने. तुमी त्याले मरू द्याचं म्हनता, अन् मी हो म्हनली म्हने. मी कवा हो म्हनली?"

तेजरामनं तोंड उघडलं. आपोआप पडद्यावर तीन उत्तरं उमटतील म्हणून तो क्षणभर थांबलासुद्धा. काही उमटलं नाही.

"आनतो," एवढंच म्हणून त्यानं गेम थांबवला आणि स्कूटर काढली.

दुर्गपर्यंतचा रस्ता त्यानं कसा कापला ते त्यालाच माहीत नाही. प्रत्येक सिग्नलला तो मनात वाक्यं जुळवत होता आणि सिग्नल सुटला की मोडत होता. गेममध्ये चुकलं तर मागच्या जागेवर परत जाता येई. डॉक्टरीणबाईची समजूत त्यानं तशीच घातली होती, चौथ्या प्रयत्नात. देवाजीच्या बाबतीत ती सोय नव्हती.

देवाजी फलाटावरच्या बाकावर बसला होता. लग्नघरातला माणूस म्हणून केसांना ताजा कलप लावलेला होता. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून पत्रिकांचा लाल कोपरा दिसत होता. तेजरामला पाहून त्यानं तोंड रुळांकडं वळवलं.

"देवाजीभाऊ, ते तुमाले नाई म्हनलो मी."

"मंग कोनाले? दारात दुसरा कोनता म्हातारा उभा हाय?"

"हाय ना. टीव्हीत."

देवाजीनं त्याच्याकडं पाहिलं. तेजरामनं खरं ते सगळं सांगितलं. यान सांगितलं, हवा संपत आल्याचं सांगितलं, डॉक्टरीणबाईचं गावही सांगितलं, ज्याची काही गरज नव्हती. शेजारी बसलेल्या बाईनं आपलं सामान थोडं पलीकडं सरकवलं.

"जवाईबापू," देवाजी शेवटी म्हणाला, "तुमी मले आजवर वाकडं बोलले, पन येडा नाई समजले कधी."

"तुमी चला अन् पाहा. मी त्याले तसाच सोडून आलो. तो अजून काच ठोकूनच राहिला हाय. खोटं निघालं त मीच तुमाले येथं आनून सोडतो."

देवाजी उठला. बहिणीसाठी उठला की जवाईबापूंना खोटं पाडायला, हे त्यानं सांगितलं नाही. दोघं स्कूटरवर निघाले. नेहरूनगरच्या चौकात एक इमारत उभी राहत होती आणि तिचा एक खांब तेजरामला साफ तिरका दिसला. त्यानं दात घट्ट मिटून घेतले.

घरी आल्यावर देवाजीनं पाणी घेतलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन तो दिवाणाच्या काठावर बसला. "दाखवा," म्हणाला. वंदना दाराला टेकून उभी राहिली.

तेजरामनं गेम सुरू केला. म्हातारा होता. काच ठोकत होता. दाढी पांढरी, डोळे खोल गेलेले. तो काहीतरी म्हणाला.

"काय म्हनते?" देवाजीनं विचारलं.

"म्हनते, माफी नाई मागत. फक्त बसू द्या."

देवाजी पडद्याकडं झुकला. "अन् तुमी याले बाहेर ठेवून राहिले होते?"

"धोका देईन ना तो."

"धोका देनारा मानूस असा उभा राह्यते का? इतक्या दूरून आला. बसाले जागा तरी भेटली असन का त्याले रस्त्यात. घ्या आत."

"पन भाऊ..."

"घ्या म्हनतो ना."

तेजरामनं बटण दाबलं. दार उघडलं. म्हातारा आत आला, भिंतीला टेकून खाली बसला आणि श्वास घेत राहिला. देवाजीनं उपरण्यानं डोळे पुसले आणि पंख्याची हवा डोळ्यांत गेली, असं म्हणाला. मग उठून त्यानं पिशवीतून पत्रिका काढली, हळद-कुंकू लावलेली, आणि वंदनाच्या हातात दिली. तिनं ती कपाळाला लावली. मग ती आत गेली. तिकडून भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

देवाजी पुन्हा बसला. या वेळी मागं सरकून, पाय वर घेऊन.

"आता तो काय करते?"

तो फार काही करत नव्हता. इंजिनाला तडा गेल्याचं सांगायला आला होता, एवढंच. पण आता मेकॅनिक त्याच्यावर चिडला. त्यांची समजूत घालायची होती आणि तेजराम उत्तर निवडायला फार वेळ लावत होता.

"आना इकडं," देवाजी म्हणाला.

देवाजीला इंग्रजीचा गंध नव्हता. तेजराम तीन उत्तरांचा अर्थ सांगे आणि देवाजी त्यातलं सगळ्यात गोड उत्तर दाबी. गावात चार भावकीची भांडणं मिटवलेला माणूस तो. जेवणाच्या आधी मेकॅनिकनं घरी फोन केला. जेवणानंतर डॉक्टरीणबाई हसली, जी तेजरामच्या कारकिर्दीत कधी हसली नव्हती. तेजराम दिवाणाच्या टोकावर बसून "ते नका दाबू, आधी याले विचारा," म्हणत राहिला. कोणी लक्ष दिलं नाही. दुपारी त्याला चहा आणायला पाठवलं. चहा घेऊन येईपर्यंत यान दुसऱ्याच ग्रहावर पोचलं होतं आणि सगळे खूश होते. तो गच्चीवर जाऊन एक फेरी मारून आला.

संध्याकाळच्या गाडीला देवाजी निघाला तेव्हा वंदनानं त्याची पिशवी डब्यांनी भरली होती. फाटकाजवळ त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"चार दिवस आधीच ये लग्नाले," तो म्हणाला. "अन् ते मशीन संगं आन. मांडवात मोठा टीव्ही लावून देतो."

तेजराम किल्ली हातात घेऊन शेजारीच उभा होता. थोडा वेळ वाट पाहून त्यानंच विचारलं, "अन् मी, देवाजीभाऊ?"

देवाजीनं विचार केला. अगदी सावकाश, सगळी उत्तरं नीट पाहून घेतल्यासारखा.

"या ना तुमीबी," तो म्हणाला. "वायर जोडाले कोनीतरी लागनच."