कावळ्यांचं थालीपीठ

ये, अशी जवळ बस. आणि त्या कावळ्याला हाकलू नकोस. आल्या आल्या घरच्या माणसावर हात उगारतेस होय? शेजारच्या शमुवेल मास्तरांनी पाहिलं तर दोन तास तुला एलीया ऐकवतील.

त्यापेक्षा मीच सांगते, थोडक्यात. एलीया हा बायबलातला संदेष्टा. राजाला तोंडावर बोलला आणि मग जीव मुठीत धरून ओढ्याकाठी लपला. तिथं देवानं कावळ्यांच्या चोचीतून त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस धाडलं. ओढा आटला तेव्हा एका विधवेच्या घरी पाठवलं. संपलं. मास्तरांना एवढ्याला सात रविवार लागतात.

मास्तर मूळचे पंचवटीतले, भटांच्या घरातले. विशीत बाप्तिस्मा घेतला, तशी घरच्यांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. तेव्हापासून ते इथं शरणपुरात, ख्रिस्ती वस्तीत, आमच्या भिंतीला भिंत लावून, एकटे.

दर शनिवारी सकाळी त्यांच्या अंगणाच्या भिंतीवर फडक्यात बांधलेलं थालीपीठ सापडायचं. मास्तर ते दोन्ही हातांनी उचलून गल्लीला दाखवायचे. "बघा. कावळ्यांनी आणलं."

पाद्रीसाहेब एकदा म्हणाले, "मास्तर, कावळे थालीपीठ थापतात?"

"नाशिकचे आहेत साहेब. रामकुंडावर जेवून जेवून शिकलेत."

"आणि मधलं भोक?" मी विचारलं.

"चोचीनं पाडतात."

साहेबांनी मोशेचा नियम काढला, कावळा अशुद्ध पक्षी आहे म्हणून. मास्तर उलट खूश. "तेच तर म्हणतो मी. विटाळ देवानंच सांगितला, आणि माणूस उपाशी दिसल्यावर देवानंच मोडला. चोच बघू नये साहेब, घास बघावा."

मी विधवा बाई, शेजारधर्म म्हणून कधी भाकरी नेली तर परत पाठवायचे. "सध्या कावळ्यांचं चाललंय बाई. विधवेची पाळी नंतर."

थालीपीठ ठेवणारी म्हातारी मी पाहिली होती. विधवेचं लाल आलवण, डोक्यावरून घट्ट पदर. भिंतीला अंग न लावता फडकं ठेवायची आणि झपाझप निघून जायची. दाराआड मास्तर श्वास धरून उभे. आई आणि मुलगा, पंधरा वर्षं हेच. कुणी पाहिलं असतं तर घरच्यांनी तिलाही उंबऱ्याबाहेर काढलं असतं.

मग एक शनिवार भिंत रिकामी राहिली. पुढच्या शनिवारी मास्तरांचा धाकटा भाऊ आला. ओलं धोतर, अंगणाबाहेरच उभा.

"आई गेली. आज दहावा. सकाळपासून पिंडाला कावळा शिवेना. सगळं कबूल करून झालं, गाईचं, तुळशीचं. तुझंच राहिलंय, दादा."

मास्तर मला म्हणाले, "बाई, तुम्ही पण चला."

टांग्यानं गेलो. रामकुंडावर गुरुजींनी आम्हांला लांबच्या पायरीवर उभं केलं. पिंडासमोर कावळे दगड होऊन बसलेले. मास्तरांनी प्रार्थना केली नाही की वचन म्हटलं नाही. नुसती हाक मारली.

"आई, मी उपाशी राहणार नाही गं. शेजारी बाई आहेत."

एक कावळा उठला आणि पिंडाला शिवला.

मी मनात म्हटलं, देवा, तू कुठं कुठं हजेरी लावतोस ते तुझं तू बघ.

परत येताना विचारलं, "कुणाचा कावळा हो मास्तर, त्यांचा की आपला?"

"चोच बघू नये," एवढंच म्हणाले.

दिवेलागणीला ताटली घेऊन माझ्या दारात. मान खाली. "बाई, ओढा आटला. भाकरी आहे का?"

तेव्हापासून दर शनिवारी मी थालीपीठ लावते, मधे भोक पाडते आणि फडक्यात बांधून भिंतीवर ठेवते. हातात दिलं तर घेत नाहीत. माझ्या देखत उचलतात आणि गल्लीला दाखवतात, "कावळ्यांनी आणलं." मीही मान डोलावते.

आता निघतेस तर नीघ, पण पुन्हा वर्ष घालवू नकोस. शनिवारीच ये. दोन लावीन.