दिगंबरअण्णांचा नवा डबा

दिगंबरअण्णांना वेळ विचारली तर ते मिनिटं सांगत नाहीत, भजनं सांगतात.

"अण्णा, सेलूची एसटी गेली का?"

"आत्ताच की. एक भजन झालं आसंल."

बदली होऊन मी वालूरच्या शाळेत आलो आणि अण्णांच्या शेजारी खोली घेतली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चहाला बोलावलं. "बसा गुरुजी, दोन भजनांत होतोय," म्हणाले. आता चहासाठी गावं लागतं की काय, या विचाराने मला घाम फुटला. पण दोन भजनं झाली आणि खरंच चहा आला.

ही भजनं यायची त्यांच्या डब्यातून. मंजुळ कंपनीचा, विटेच्या अर्ध्या तुकड्याएवढा, आत मेमरी कार्ड टाकून चालणारा तो डबा अण्णा नाडीला बांधून गळ्यात घालत. फाट्यावर पहिल्या एसटीचा हॉर्न वाजला की कळ दाबायची. मग भूपाळी, भजनं, गवळण, भारूड, पोवाडा, दुपारी कव्वाली, दिवेलागणीला एखादी लावणी, असा ठरलेला क्रम. तो वर्षानुवर्षं बदललेला नव्हता. भारूड संपलं की आमच्या घरात जेवणाचे डबे भरले जात. पोवाडा लागला की पोरं शाळेकडे पळत. एसटी उशिरा आली की आमच्या गल्लीचा सगळा दिवसच उशिरा उगवे.

मी एकदा त्यांना म्हणालो, "अण्णा, एक घड्याळ घ्या की."

"घड्याळ नुस्तं किती वाजले सांगतंय," ते म्हणाले. "फुडं काय करायचं ते कुठं सांगतंय?"

एकदा त्यांच्या पाठीत चमक भरली. सेलूच्या डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ दुखतं? "एक भारूडभर दुखतंय बगा. मग पोवाडाभर बरं वाटतंय." डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी दुभाष्याचं काम केलं, "सात मिनिटं दुखतं. मग वीस मिनिटं आराम."

डब्याचा आवाज मात्र भयंकर होता. गल्लीने मिळून ग्रामपंचायतीत तक्रार दिली होती. खाली माझीही सही होती, हे कबूल केलेलं बरं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, "करतो की कमी," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी डबा होता तितकाच मोठ्याने वाजला.

असा हा डबा एके दिवशी म्हैस धुताना गळ्यातून निसटला आणि हौदात पडला.

लोकांनी सल्ला दिला की तांदळात पुरून ठेवा, पाणी शोषलं जातं. "तांदूळ खातंय कोण आपल्याकडं," म्हणत अण्णांनी तो ज्वारीच्या कणगीत पुरला. तिसऱ्या दिवशी काढला. कानाकोपऱ्यातून ज्वारीचे दाणे निघाले, आवाज काही निघाला नाही. कार्ड तेवढं शाबूत होतं.

मीच त्यांना सेलूला घेऊन गेलो. तिथले दुकानदार रफिकभाई म्हणाले, "अण्णा, मंजुळ का माल आना बंद हो गया. ये धडाका लेके जाव. बत्तियाँ भी है इसमें."

अण्णांनी धडाका हातात घेऊन उलटासुलटा केला. लाल, हिरवे, निळे दिवे लुकलुकले. "ह्यो वाजवायलाय का इशारा करायलाय?" त्यांनी विचारलं. मग दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी दुकानाच्याच कार्डावरची सात भजनं ऐकली. मागची गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. शेवटी कंपनी बदलायला ते राजी झाले, पण नव्या गावी पोरगी द्यावी तसं तोंड करून. एसटीत त्यांनी जुना, मुका मंजुळच गळ्यात ठेवला आणि धडाका पिशवीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे हॉर्न वाजला. अण्णांनी जुनं कार्ड घातलेल्या धडाक्याची कळ दाबली, आणि भूपाळीच्या जागी दणक्यात कव्वाली सुरू झाली.

कव्वाली म्हणजे दुपार. माझी बायको दचकून उठली, "अवो, शाळा बुडली." मी एका पायात चप्पल घालून दाराशी गेलो तर बाहेर अंधार. पुढे भूपाळी लागली ती ऊन चांगलं तापल्यावर. पोवाड्याची वाट पाहत पोरं घरीच बसली, आणि माझ्या वर्गात प्रार्थनेला मी धरून पाच जण होतो. ज्यांनी तक्रारीवर सह्या केल्या होत्या, तेच लोक अण्णांच्या ओट्यापुढे जमले. "अण्णा, आमी आवाजाचं म्हणलो होतो. टायमाचं न्हाई."

मला हसू आवरत नव्हतं. दुपारी घरी आलो तेव्हा बायकोने सांगितलं, आणि ते हसू गेलं.

समोरच्या घरात अनुसयाबाई राहतात, अण्णांच्या थोरल्या भावजय. भाऊ वारले, बाईंची नजरही गेली. मुलगा आणि सून सकाळीच शेतात जातात, म्हातारी दिवसभर एकटी. अण्णांचं आणि त्या घराचं शेताच्या बांधावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं नाही, उंबरा ओलांडणं नाही. त्या दिवशी अनुसयाबाईंनी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली होती. चक्कर येऊन ओट्यावरून खाली पडल्या. सून नेमकी भाकरी न्यायला आली म्हणून कळलं. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं होतं. कोपर सोलपटलं होतं, बाकी ठीक.

इतक्यात अण्णाच आमच्या दारात आले. हातात धडाका, दिवे बंद.

"गुरुजी, तुमच्या त्या लॅपटापात ह्याचं कार्ड बगता का?"

मी पाहिलं. घोळ साधाच होता. "अण्णा, मंजुळ गाणी भरली त्या क्रमानं वाजवायचा. म्हणजे पोरं आली तशी वर्गात बसवायचा. हा धडाका हजेरीपटासारखा नावाच्या अक्षरानं बसवतोय. क ची कव्वाली आधी, भ ची भूपाळी मागून."

"मग नंबर घाला नावाच्या म्होरं."

मी नंबर घालायला बसलो. क्रम अण्णांना तोंडपाठ होता. ते डोळे मिटून सांगत होते, मी टाइप करत होतो. एकविसाव्या गाण्याला थांबलो.

"अण्णा, ही गवळण तीनदा आहे. तीन वेगळ्या नावांनी भरलीय, म्हणून आज लागोपाठ न वाजता वेगवेगळ्या वेळी वाजली. दोन काढून टाकू का?"

त्यांनी माझा हात धरला. "नगं. लागोपाठ तीनदाच पायजे."

"कशाला?"

त्यांनी माझा हात सोडला आणि दारातून समोरच्या घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पैल्यांदा वाजली की ती उठती. दुसऱ्यांदा वाजूस्तोवर भित धरून माठापाशी जाती. तिसऱ्यांदा गोळी घेती. दिसत न्हाई तिला, येळ लागतो."

मला त्या तक्रारीवरची माझी सही आठवली.

"आज दोनदा कानावर पडली, दोनदा गोळी घेतली तिनं," ते म्हणाले. "माझ्या डब्यानं पाडली तिला."

"अण्णा, समोर जाऊन 'गोळी घ्या' म्हणालात तरी चालेल की. दहा पावलं तर आहेत."

"दहा पावलं न्हाईत गुरुजी. मधी बांध हाय." मग खाली बघत म्हणाले, "माय गेली तवा मी सहा वर्साचा होतो. हिनंच न्हाऊमाखू घातलं मला. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला, भूपाळी लागली आणि गल्लीने सुटकेचा श्वास सोडला. गवळणीच्या वेळेला मी मुद्दाम ओट्यावर उभा राहिलो. अण्णा म्हशीला चारा टाकत होते, पण कान समोर होते. गवळण एकदा वाजली, समोर बाज करकरली. पुन्हा वाजली, माठावरचं झाकण वाजलं. तिसऱ्यांदा वाजत असताना आतून अनुसयाबाईंचा आवाज आला. त्या कुणालाच उद्देशून बोलत नव्हत्या.

"सांगा रं कुणीतरी त्या डब्यावाल्याला. दोनदा बास हाय. तिसरी व्हईपातूर माझा चहा निवून जातोय."

अण्णांचा हात चाऱ्यातच थांबला. त्यांनी समोर पाहिलं नाही. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि समोर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिला म्हणाले,

"सांग तिला, घाई करू नगं म्हणावं. कालच पडलीय."

आतून थोड्या वेळाने पेल्याचा आवाज आला.

गवळण अजून तीनदाच वाजते.